गवताच्या वखारीमागची बैठक

…आणि वर म्हणतात, मनात आणलं की दारू सुटते! सुटते हो, पण मनात आणून माणसानं जायचं कुठं? तुम्हाला सांगतो, आमच्या झुंबरनं मनात आणलं होतं, चांगलं घट्ट आणलं होतं! गडी मूळचा नगरकडचा, तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललेलं तिथं काँक्रीट ओतायला, राहायला बोईसरला. दिवसभर सिमेंट गिळायचं आणि संध्याकाळी ते धुवायला हातभट्टीची. एकदा झिंगून पेटत्या चुलीवरच आडवा व्हायला निघाला, तेव्हा रत्नाबाईनं पोरीला काखोटीला मारलं आणि थेट मनोरला भाऊ मारुतीकडं गेली. जाताना म्हणाली, "पालघरात दारू सोडल्याली मानसं ऐतवारी बसत्यात म्हनं. च्या पित्यात, एकमेकाला सावरत्यात. तितं जाऊन बस, मगच दारात ये. न्हाईतर बायकू मेली म्हनून समज."

आता ही माणसं शोधायची कशी? दारूबंदी होती ना राज्यात! पिणं गुन्हा, म्हणजे "मी पीत होतो" हे चारचौघांत म्हणणं हा कबुलीजबाबच की! त्यामुळे झालं काय, पिणारे बसायचे उजेडात आणि सोडणारे लपायचे अंधारात… सांगा, आहे का न्याय?

रविवारी हा पालघरला उतरला, देवू चहावाल्याच्या कानाशी लागला. "भाऊ, दारू सोडलेली मानसं कुठं बसत्यात?" देवूनं असा डोळा मारला! "सोडलेली? वा शेठ, असंच इचारायचं असतं! त्या बोळात जा, निळं दार. माजं नाव सांग, बिनपाण्याची देतील." झुंबर तोंडात मारल्यासारखा परतला. पुढं हवालदार. हवालदार म्हणजे कायदा, नाही का? त्याला विचारलं. "सोडलीस? म्हणजे पीत होतास? परवाना होता?" "न्हाई, साहेब." "मग बिनपरवान्याची पीत होतास! घालू आत?" आता बोला! पिताना ज्याला कोणी धरला नाही, तो सोडली म्हणून आत जायच्या बेतात! दारूबंदी होती ना राज्यात!

शेवटी डोक्यावर गवताचा भारा घेतलेला जिवल्या भेटला. भला माणूस. झुंबरचं सुकलेलं तोंड बघून त्याचाच जीव कळवळला. "चल दादा, आमी नेतो. असं सुकं नाय ऱ्हावं मानसानं." आणि नेला कुठं? सोमीच्या झोपडीत! सोमी भट्टीवाली. तिनं बघितलं आणि न विचारता ग्लास भरला. "घे बाबा, पैला माज्याकडून."

तुम्हाला सांगतो, तो ग्लास… झुंबरच्या नाकापासून वीतभर! हात आपोआप निघाला. आणि डोळ्यांपुढं मनोरचं बंद दार. हात त्यानं स्वतःच्या ढुंगणाखाली दाबला, हो, वर बसला! आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई, मला सोडल्याल्यांत बसायचंय गं…"

सोमी भडकली! "त्या मेल्यांत? माजी जुनी गिऱ्हाइकं तोडली त्यांनी! गवताच्या वखारीच्या मागं बसतात तोंडं पाडून. जा, तू पन जा, मर!"

बघा! अख्ख्या पालघरात तो पत्ता ठाऊक कुणाला, तर दारू विकणारीला!

झुंबर धावला. वखारीमागच्या खोलीच्या दारावर आनंदात थाप मारली, पण काँक्रीट ओतणारा हात तो, दार हादरलं! आत कोणीतरी ओरडलं, "धाड!" आणि मागच्या खिडकीतून माणसांवर माणसं धबाधब उड्या टाकायला लागली. आत काय होतं? चहा! पण जन्मभर धाडीला पळालेली माणसं ती. दारू सुटली होती, पळणं सुटलं नव्हतं. आणि आमचा झुंबर? चार माणसं पळताना दिसली, पाय ऐकतात होय! तोही पळाला, त्यांच्याही पुढं! सगळे शेताच्या बांधाआड उपडे पडले, धापा टाकत. शेजारच्यानं कुजबुजत विचारलं, "धाड कुनाची?" झुंबर म्हणाला, "माजीच. मला बसायचंय तुमच्यात." मग तिथंच चिखलात बैठक झाली. बोलला, रडला, शिव्या खाल्ल्या.

तसाच चिखलानं माखून मनोरला पोचला, तर बातमी आधीच हजर! मारुती पालघरच्या बाजारात आला होता, मेहुणा टोळक्याबरोबर पळताना त्यानं डोळ्यांनी बघितला. रत्नाबाईनं तोंडाचा वास घेतला. वास नाही. पुन्हा घेतला. नाही! म्हणाली, "पीत हुतास तवा निदान घरला तरी येत हुतास. आता शुद्धीत पळाया लागलास?"

पण बाई शहाणी. पुढच्या रविवारी स्वतः आली आणि वखारीमागं दारात फतकल मारून बसली. "कोन पळतंय बघते." कोणी पळालं नाही हो, कोणाची छाती होती!

पण त्या मुलखात बंद दारापुढं बाई बसलेली दिसली की आत भट्टी, हे अख्ख्या गावाला पाठ. लागले की लोक यायला! "बाय, अर्धा दे गं." रत्नाबाई दंड धरून आत ढकलते, कडी लावते, आणि आतले चहा पाजतात.

तिथं अशी किती माणसं माणसात आली, तुम्हाला सांगतो! सगळी प्यायला आलेली. सोडायची म्हणून कोणी आलं, तर दारात बाई बघून सज्जनासारखं परत जातं.