दहा अक्षरं

पाथरवट : एका ओळीत आठच बसतात भाऊ, आणि तुमच्या या इंग्रजी शब्दात अक्षरं दहा. दगड काय रबर आहे ताणायला?

बाप : मग दोन ओळींत करा, मिस्त्री.

पाथरवट : करतो की. पण कुठंही नाही तोडायचा. मी शाळेत चौथीपर्यंत, इंग्रजी सगळं थडग्यांवर शिकलो. तोंडानं म्हणून बघायचं, जीभ थांबली की तिथं तोडायचं. पीस. फुल. ली.

बाप : तीन तुकडे?

पाथरवट : हां. पीस म्हणजे शांती. फुल लावलं की शांतीनं भरलेलं. मागं ली चिकटवलं की कसं गेला ते कळतं. आपण ‘पणे’ लावतो ना, शांतपणे, तसं. आता पीसफुलपर्यंत बरोबर आठ होतात, पण मग ली एकटंच खाली पडतं, दारात राहिलेल्या एका चपलेसारखं. त्यापेक्षा पीस वर, बाकीचं खाली. पाच-पाच.

बाप : तसं करा.

पाथरवट : शब्द कुणाचा हा?

बाप : कारखान्यातल्या साहेबाचा. चिठ्ठी त्यांची, दगडही त्यांचाच.

पाथरवट : वाटलंच. यंदाचा त्यांचा हा चौथा. चौघंही शांतपणे गेलेत! त्या कारखान्यात ओरडून कुणी मरतच नाही.

बाप : (चिठ्ठीची घडी करून खिशात घालतो)

पाथरवट : रागावू नका, माझं तोंडच फाटकं. पोरगा कसा गेला?

बाप : बॉयलरची वाफ अंगावर आली. दोन दिवस ओरडला. तिसऱ्या दिवशी नुसतं तोंड उघडायचा, आवाज येईना.

पाथरवट : वय?

बाप : तेवीस.

पाथरवट : (दगडावरचा खडू तळहातानं पुसत) मग मी नाही कोरत हे. नाव आणि साल, बास. साहेबाला सांगतो, बसला नाही शब्द.

बाप : अहो, पुसू नका!

पाथरवट : भाऊ, खोटं आहे ते.

बाप : मला सांगता? मी होतो तिथं. दवाखान्यात त्याच्या आईला आत सोडलं नाही. मी बाहेर आलो की विचारायची, कसा आहे हो? मी म्हणायचो, झोपलाय. शेवटीही तेच सांगितलं. झोपेतच गेला गं.

पाथरवट : पटलं तिला?

बाप : तेवढ्यावर दोन घास खाते. रविवारी धाकटीला घेऊन येणार आहे इथं. धाकटीला इंग्रजी येतं. ही विचारणारच, काय लिहिलंय वाच.

पाथरवट : आणि तुमचं काय?

बाप : माझ्या कानात आहे की सगळं. मला दगड कशाला हवा?

पाथरवट : बरं. पीस वर, बाकीचं खाली. पण छिन्नी लागली की पुसता येणार नाही, सांगून ठेवतो.

बाप : लावा. आणि अक्षरांच्या कडा तेवढ्या घासून द्या, मिस्त्री. ती बोट फिरवून बघेल.