बशीखालचा लाल ठिपका

कुणी जुनी बशी हातात देऊन "बघ रे, कुठल्या कंपनीची," म्हणालं, तर सरळ हात जोडा. मी नाही जोडले.

माणमध्ये मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो, त्या काकूंकडे पांढऱ्यावर निळ्या नक्षीच्या तीन विलायती बश्या आहेत. त्यांना माझा जुन्या भांड्यांचा नाद माहीत, म्हणून बघायला दिल्या. उलट्या केल्या, तर नेमका कारखान्याच्या शिक्क्यावरच लाल ऑइलपेंटचा भलामोठा ठिपका! तिन्हींवर! काय म्हणावं या लोकांना? रविवारची अख्खी दुपार थिनर लावून घासत बसलो. खाली मुकुट निघाला, कारखान्याचं नाव निघालं, नुसतं 'इंग्लंड' निघालं. 'मेड इन' लिहायची पद्धत नंतरची, म्हणजे चांगल्याच जुन्या! खुशीत परत फडताळात ठेवून दिल्या.

गुरुवारी शेजारी काकूंच्या जाऊबाईंकडे पूजा होती. प्रसादाला बश्या गेल्या. संध्याकाळी काकू सहा बश्या पुढ्यात घेऊन ओरडल्या, "आरं, ठिपका कुटं गेला?"

"काढला. आता शिक्का स्पष्ट दिसतोय, काकू."

"शिक्का जावंच्या बश्यांवर बी त्योच हाय! वाटणीत तीन-तीन आल्या, म्हून तर ठिपका दिला व्हता. तिच्या दोन फुटक्या काठाच्या हायेत, आन् आता म्हनतीया, त्या तुमच्याच!"

मी म्हटलं, "पण काकू, कुणी बनवल्या ते तरी कळलं ना?"

"व्हय? मग लाव त्या इंग्लंडवाल्याला फोन, आन् इचार, ह्यातल्या आमच्या तीन कुटल्या!"