गरम खोली

मिनेसोटातला गोल्फ क्लब हिवाळ्यासाठी बंद होत होता. गोल्फच्या काठ्यांच्या बॅगा घरी न्यायच्या रांगेत ऑरिनच्या पुढेच आर्डिस आणि तिचा नवरा वर्लिन यांची जुंपली होती.

"काठ्या गॅरेजात नकोत, गारठ्यानं मुठींचं रबर तडकतं. पुसून गरम खोलीत ठेवू."

"त्या खोलीत माझी आई येतेय, वर्लिन."

"तिला वृद्धाश्रमात खोली आहे की!"

"तिथं कुडकुडते ती."

"मग दोन स्वेटर घालू दे."

"तुझ्या काठ्यांना घाल स्वेटर!"

"अगं, रबराला स्वेटरचा काय उपयोग? तू चिडतेस कशाला, तेच कळत नाही."

ऑरिनलाही कळेना, हसावं की या बेट्याच्या कानाखाली काढावी.

"ठेव काठ्या उबेत. मी आईला घेऊन बहिणीकडे जाते, बर्फ वितळेपर्यंत."

"बर्फ वितळेपर्यंत?" वर्लिन गांगरला. "मग काठ्या पुसणार कोण?"