मोठ्या गुरुजीचा ठामपणा

आमच्या सावली गावाकडच्या शाळेतले मोठे गुरुजी म्हणजे नुसता रुबाब! एकदा आम्हा मास्तरायले बसवून शिकवून राह्यले होते, "मास्तराले तोंडावर नाई म्हणता आलं पाहिजे."

तेवढ्यात दारात पाटील. "गुरुजी, धानाचा रोवणा चालू आहे. पऱ्ह्याच्या रोपायच्या पेंढ्या वाहाले पोरं पाठवा."

गुरुजी हात जोडून उभे! शेवटी मीच म्हटलं, "पाटील, आता स्वराज्य आलं. पोरं शाळेतच बसतीन."

पाटील तसाच माघारी गेला. गुरुजी मात्र माह्यावर भडकले, "पाटलाले असं बोलतेत काय?"

दुपारी पाटलाच्या धानाच्या बांधीवर पाह्यतो तं आमचे ठाम गुरुजी धोतर खोचून, डोक्यावर पेंढ्या घेऊन चिखलात! रोवणाऱ्या बाया विचारून राह्यल्या, "गुरुजी, तुम्ही काऊन?"

म्हणे, "मीबी नाई म्हटलं तं पाटलाले काय वाटन?"