बेचाळीस दात्यांचं चक्र

गिअरबद्दल मला विचारू नका रे, विचारलंत की मी बोलत सुटतो, आणि तिथंच माझा घात झाला. हायब्रिड सायकल घेताना मी दोन महिने सुम्मने, उगाचच, तुलनाच करत बसलो. मागचं सगळ्यात मोठं चक्र चौतीस दात्यांचं बरं, की बेचाळीस? दाते जास्त, तितका चढ सोपा. मला दर रविवारी चामुंडीबेट्ट, म्हणजे आमचा म्हैसूरचा चामुंडी डोंगर, चढायचा होता, म्हणून बेचाळीसवाली घेतली. वर्षभर ऑफिसात तेच ऐकवलं.

शेवटी ऑफिसातला मंजुनाथ सायकल घ्यायला मला सल्ल्याला घेऊन दुकानात आला. माझी बायकोही सोबत होती. माझी सायकल तिथंच सर्व्हिसिंगला होती. म्हटलं, "बघ, हे मोठं चक्र नसतं तर बेट्ट चढताच आला नसता."

मेकॅनिक वाकून बघत म्हणाला, "सार, ते तर कोरंच आहे. मधलं एकच झिजलंय."

मंजुनाथनं विचारलं, "मग बेट्ट कुठल्या गिअरवर चढता?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "हे चढतात कुठं? पायथ्याशी दोसा खाऊन परत येतात. तिथवर रस्ता सपाटच आहे."

मंजुनाथनं बिनगिअरची घेतली. आता रविवारी दोशाला आम्ही दोघं जातो, आणि पहिला तोच पोचतो.