शांत बसलेली मुलगी

बायको गेल्यापासून मी दवाखान्यात एकटाच येतो. मागच्या बाकावर तापाने फणफणलेली मुलगी, तिची आई आणि आत्या बसल्या होत्या.

“वहिनी, पोटात एवढं दुखत असतं तर रडली नसती का?”

“वन्सं, ऑटिझममुळे हिला दुखणं नीट जाणवत नाही. हात मोडला, तरी दोन दिवस खेळत होती.”

“आणि मिक्सर लावला की घर डोक्यावर घेते!”

“आवाज मात्र सहन होत नाही. हात लावून बघा, पोट कसं दगडासारखं झालंय.”

“अगं बाई! सांग की नर्सबाईंना.”

“दोनदा सांगितलं. म्हणाल्या, शांत बसलीये, थांबेल. रडणाऱ्यांना आधी घेतायत.”

“मग आता काय करायचं गं?”

“मी हिचे कान घट्ट दाबून धरते. तुम्ही मोठ्याने रडा.”