दाबाचा रकाना

नर्सने डोळ्यांत औषध घालून शिवणकामवाल्या बाईंना डोळे मिटून बसवलं होतं, त्यामुळे शेजारच्या बाकावरचे बाप-लेक त्यांना नुसते ऐकू येत होते.

"बाबा, जरा गप्प बसा. आमच्या ॲपमध्ये काय काय घडलं त्याच्या सेकंदाला हजारो नोंदी होतात. त्या क्लाउडवर कुठल्या जागेत ठेवायच्या, ते आज कळवायचंय."

"जागा किती तऱ्हेच्या?"

"एकीत नोंद मागाहून बदलता येते. दुसरीत फक्त शेवटी भर घालायची, मागच्याला हात लावता येत नाही."

"मग दुसरी घे. पंपहाऊसवर आमचं लॉगबुक तसंच होतं. दर तासाला पाण्याचा दाब लिहायचा. चुकलं तर एकच रेघ मारून सही करायची, खालचं वाचता आलं पाहिजे."

"बरं, दुसरी. आणि महिन्याने सगळं पुसायचं. जुनं कोण बघतंय?"

"तू झालीस तेव्हा मी ड्यूटीवर होतो. फोन आला, आणि दाबाच्या रकान्यात मी लिहून बसलो, मुलगी झाली."

"लॉगबुकात?"

"साहेब म्हणाले, खोडा ते. मी रेघ मारली, सही केली."

"आई कधी बोलली नाही."

"तिला कुठे ठाऊक होतं. रिटायर झालो त्या दिवशी स्टोअरमधून ते बुक शोधून काढलं. अर्धा दिवस गेला. पण रेघेखालचं स्वच्छ वाचता आलं."

मग बोटांची टकटक ऐकू आली.

"काय लिहितेस?"

"महिन्याने पुसू नका. स्वस्तातल्या जागेत हलवा, काढायला अर्धा दिवस लागला तरी चालेल."